मजलिशीतली चांदीची मासोळी

दोह्याहून परत आल्यावर लोक दोन गोष्टी विचारतात. सोनं स्वस्त आहे का, आणि फार उकडतं का. सोन्याचं मला ठाऊक नाही. उकडण्याचं म्हणाल तर मी थंडीत गेलो होतो, आणि संध्याकाळी समुद्रावरून असा वारा सुटायचा की मफलर न नेल्याचं वाईट वाटावं. तिथे तुम्ही काय केलंत, असं मात्र कुणी विचारत नाही. ते न विचारता सांगतो.

अल मुंतझा

इक्बाल आणि मी चिपळूणच्या शाळेत एका बाकावर बसत होतो. पुढे मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत राहिलो आणि नुकताच निवृत्त झालो. तो विशीत कतारला गेला तो अजून तिथेच आहे. एका कतारी व्यापारी घराण्याच्या कंपनीत तो खरेदी पाहतो. नळ, पंप, टाइल्स, एसीची यंत्रं. दोह्यातल्या कित्येक इमारतींत जे वाहतं किंवा गार होतं, ते कधी ना कधी इक्बालच्या सहीखालून गेलेलं असतं. मी एम.ए. झालो तेव्हापासून तो मला मास्तर म्हणतो. त्यात कौतुक नाही.

त्याचं घर दोह्यातल्या अल मुंतझा भागात, एका न्हाव्याच्या आणि एका मल्याळी किराणा दुकानाच्या वर. जिन्यात हिंदी, मल्याळम आणि तमिळ ऐकू येतं. दार उघडून आत गेलं की चिपळूण लागतं. रुकय्यावहिनींनी पहिल्याच दिवशी सुरमईचं तिखलं, तांदळाच्या भाकऱ्या आणि वर सांदणं केली होती. इतकं चिपळुणी जेवण आता चिपळुणातही मिळत नाही. तिथली पोरं हल्ली पिझ्झा मागवतात.

मी हात धुऊन पाटावर, म्हणजे खुर्चीवर, बसलो तर इक्बाल म्हणाला, "आधी दाखव."

"जेवू तरी दे."

"भाकरी पळत नाही. रुकय्या, हात पूस आणि इकडे ये."

मी बॅगेतून मेथीच्या लाडवांच्या डब्याखालची पुरचुंडी काढली. विमानतळावर लाडवांची कसून तपासणी झाली होती. पुरचुंडीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आतून निघाली एक वीतभर मासोळी: शिसवी लाकडाची, अंगभर चांदीचे खवले, डोळ्यांच्या जागी लाल खडे. शेपटीखालची कळ दाबली की ती तोंड उघडते. पूर्वी अशा मासोळीतून ठासणीच्या बंदुकीच्या कानात चिमूटभर बारूद ओतत असत. अशा वस्तूला बारूददान म्हणतात.

"सुरेख आहे हो," वहिनी म्हणाल्या. "पण आता ह्यात ठेवायचं काय?"

"काही नाही, वहिनी. काही ठेवता येत नाही म्हणून तर ती भेट द्यायची असते."

"हुपरीच्या कारागिरानेही हेच विचारलं असेल," इक्बाल म्हणाला.

विचारलं होतं. हुपरी हे कोल्हापूरजवळचं चांदीकामाचं गाव. तिथला कारागीर आयुष्यभर पैंजण घडवत आलेला. मासोळी माझ्या हातात देताना तो म्हणाला होता, "सर, बारुदीपेक्षा कुंकवाला बरी दिसंल."

हे सगळं कशासाठी, तर इक्बालच्या मालकासाठी. मालकांना तिथे सगळे अबू खालिद म्हणतात, खालिदचे वडील. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना बंदुकांच्या साजाचा फार शौक: बारूददानं, काडतुसांचे नक्षीदार पट्टे, गोळ्यांच्या भरजरी पिशव्या. इक्बाल साठीला आला होता. साठीनंतर कंपनीतली नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, हे मालकांच्या शब्दावर असतं. कारभार आता थोरला मुलगा खालिद पाहतो आणि खरेदीवर त्याला स्वतःचा माणूस हवा होता. इक्बालची उशिरा झालेली एकुलती लेक, सना, अकरावीत होती. नेमणूक संपली की बापाचा व्हिसा संपतो, बापाचा संपला की लेकीचा. तिला शाळेच्या मध्यावर उचलून चिपळूणला न्यायचं, जिथे ती सुट्टीपुरती पाहुणी म्हणून गेली होती, हे त्या घराला झोप लागू देत नव्हतं.

"फक्त तिची बारावी होऊ दे," इक्बाल म्हणाला. "मग मी स्वतःच जातो. मागायला गेलं तर ते बरं दिसत नाही. भेट घेऊन गेलं की माणूस आपणहून विचारतो, कसं चाललंय, इक्बाल? मग सांगता येतं."

"म्हणजे ही लाच."

"लाच कोपऱ्यात देतात, मास्तर. ही सगळ्यांसमोर द्यायची आहे."

मी हसलो. दरबारी देवघेवीवर मी वर्षानुवर्षं तास घेतले होते. त्यामुळे फरक मला इक्बालपेक्षा जास्त कळतो, असा माझा समज होता.

मासोळीचा नमुना आमच्या घरातला. माझे पणजोबा एका चिमुकल्या संस्थानात दप्तरदार होते. एका दसऱ्याच्या दरबारात राजेसाहेबांनी त्यांना हस्तिदंती मासोळी दिली. पणजोबांनी जन्मात बंदूक धरली नव्हती. दिवाळीत फटाके उडायला लागले की ते माजघरात जाऊन बसायचे, असं सांगतात. ती मासोळी आता माझ्या चुलतभावाच्या दिवाणखान्यात काचेमागे आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, हस्तिदंत तर मुळीच नाही, आणि चुलतभाऊ तर ती दुसऱ्या खोलीतही नेऊ देत नाही. म्हणून चांदीची नवी करून घेतली. अबू खालिदना तसंच सांगायचं ठरलं होतं. जुन्या मासोळीवरून नवी घडवलेली.

समुद्रकाठचं संग्रहालय

दुसऱ्या दिवशी सनाला सुट्टी होती. ती मला मेट्रोने समुद्राकाठच्या मोठ्या संग्रहालयात घेऊन गेली. इमारत अशी की आतल्या वस्तूंनी जरा दबूनच बसावं. शस्त्रांच्या दालनात एका काचेमागे मोगली घडणीचं एक बारूददान होतं. त्याच्या अंगावर हरणं, ससे आणि चित्ते एकमेकांना गिळत कोरलेले. मी तिथे थांबून सनाला माझा आवडता सिद्धान्त ऐकवला. राजा सरदाराला बंदूक देताना शंभरदा विचार करी, कारण बंदूक फिरवली तर परत आपल्याकडेच रोखली जाते. म्हणून तो बंदुकीचा साज द्यायचा. घेणाऱ्याचा मान राहतो, देणाऱ्याचा जीव राहतो.

सना मराठी सगळं समजते, पण बोलते इंग्रजीत. तिने क्षणभर विचार केला. "सो दे गेव्ह द कव्हर, नॉट द फोन."

निवृत्तीपूर्वी हे वाक्य मिळालं असतं तर माझं अर्धं भाषण वाचलं असतं. बाहेर पडल्यावरही मी बोलतच होतो. पोशाख, मानाचे विडे, चवऱ्या, पदव्या. माणसं कशाकशावर विकली गेली आहेत, आणि त्या सगळ्याकडे आपण किती लांबून, किती शहाणपणाने पाहतो. सना मधून मधून "ओके, अंकल" म्हणत होती.

सूक वाकिफ

अबू खालिदांच्या मजलिशीचं, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीचं, बोलावणं संध्याकाळचं होतं. त्याआधी इक्बालने मला सूक वाकिफ हा जुना बाजार दाखवला. केशराची दुकानं, उदाची दुकानं, आणि एका गल्लीत नुसते ससाणे. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ते ओळीने बसलेले असतात, एखाद्या समितीच्या बैठकीसारखे. मी वाकून एकाच्या टोपीवरची जर पाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या ससाण्याने माझ्या जाकिटावर आपलं मत नोंदवलं. दुकानदाराने अरबीत काहीतरी शुभ सांगितलं. इक्बाल हसून हसून भिंतीला टेकला.

करक चहा, म्हणजे आटवलेला वेलचीचा चहा, पिता पिता त्याने मला रीतीभाती शिकवल्या. उजव्या हाताने कप घ्यायचा. पुरे झालं की कप हलवायचा, नाहीतर ते ओततच राहतात. कुठल्या वस्तूची फार स्तुती करायची नाही.

"का?"

"काढून देतात. मग पंचाईत. आणि मास्तर, कमी बोल."

"मी कमीच बोलतो."

"हां," इक्बाल म्हणाला.

जाकीट घालण्याजोगं राहिलं नव्हतं, म्हणून मी इक्बालचा कोट घालून गेलो. बाह्या मनगटाच्या वर. पण काळा रंग आणि पिकलेले केस मिळून बरं दिसत असावं.

मजलिस

आपल्याकडे पाहुणा घराच्या आत येतो. तिथे पाहुण्यांसाठी वेगळं घरच असतं. लांब दालन, तिन्ही भिंतींना लागून गाद्या, मध्ये गालिचा आणि त्यावर काहीही नाही. बोलायचं ते गालिच्याच्या पलीकडे ऐकू जाईल असं बोलावं लागतं. भिंतीवर अबू खालिदांचा शौक टांगला होता. मधोमध होता एक रुंद पट्टा, काळ्या चामड्याचा. त्यावर काडतुसांची रिकामी घरं ओळीने शिवलेली आणि प्रत्येक घरावर चांदीच्या तारेचं बारीक काम. असे पट्टे तिथले पुरुष लग्नात तलवारी घेऊन नाचतात तेव्हा बांधतात. त्या नाचाला अर्दा म्हणतात.

अबू खालिद उठून उभे राहिले. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं होतं दुभाषा लागेल, पण ते सरळ हिंदीत बोलू लागले. जुनी, मुंबईच्या बंदरावरची हिंदी.

"हमारा बाप का पेढी था बंबई में. मोती का. हम उधर स्कूल गया, दो-चार साल. तुम उस्ताद है? हमारा उस्ताद बहुत मारता था."

सगळे हसले. खालिद, पन्नाशीचा, नीटस दाढीचा माणूस, वडिलांच्या डाव्या हाताला बसला होता. तोही हसला, पण मोजून. आणखी पाचसहा वयस्क पाहुणे होते. कॉफी झाली. मी योग्य वेळी कप हलवला आणि स्वतःवर खूश झालो.

मग इक्बालने पुरचुंडी माझ्याकडे सरकवली आणि मी ती अबू खालिदांच्या हातात दिली. त्यांनी मासोळी फिरवून पाहिली, कळ दाबली. मासोळीने तोंड उघडलं. लहान मुलासारखे ते दोनतीनदा कळ दाबत राहिले.

"ये किधर का है?"

"कोल्हापूर के पास का," मी म्हणालो. हुपरी कोल्हापूरजवळच आहे.

"इसका कहानी क्या है?"

इथे मी दोन वाक्यांत सांगायचं होतं. पण मला कहाणी विचारली होती, आणि आयुष्यभर मागच्या बाकावर झोपणाऱ्या मुलांना कहाण्या सांगितलेल्या माणसापुढे सगळं दालन पुढे झुकून बसलं होतं. मी सुरुवात केली. माझे पणजोबा. संस्थान. दसऱ्याचा दरबार, हत्ती, आपट्याची पानं, राजेसाहेबांच्या हातातली मासोळी. पणजोबांच्या फटाक्यांच्या भीतीची गोष्ट मी गाळली. जी गोष्ट मी पन्नासदा चेष्टेने सांगितली होती, तिच्यात त्या दिवशी मला खोल आवाज सापडला. कॉफीवाला किटली धरून थबकला. एक म्हातारे पाहुणे शेजाऱ्याला हळूच अरबीत सांगत होते.

शेवटी एक वाक्य राहिलं होतं. 'ती मासोळी घरी आहे; ही तिच्यावरून केलेली.' ते मला समोर दिसत होतं.

अबू खालिदांनी मासोळी दोन्ही तळव्यांवर घेतली होती. "और तुम ये हमारे लिए लाया?"

"हां," मी म्हणालो.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माझ्या पणजोबांना मासोळी मिळाली होती, आणि मी मासोळी आणली होती. मधलं वाक्य तेवढं मी बोललो नाही. इक्बालने माझ्याकडे पाहिलं आणि मग पायाच्या बोटांकडे पाहत बसला.

अबू खालिदांनी मासोळी मांडीवर ठेवली. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. कॉफीवाल्याने मधला पट्टा काढून आणला. खालिद अर्धवट उठला, अरबीत हलकेच काही बोलला. वडिलांनी त्याच्याकडे न पाहता पट्टा माझ्या मांडीवर ठेवला.

"ये मेरा दादा का. उसको एक बड़ा शेख दिया था. तुम अपना परदादा का चीज़ दिया, हम अपना दादा का देता है. बराबर."

आपल्याकडे दिलेली वस्तू दोनतीनदा नको म्हटल्याशिवाय घेत नाहीत. घेणाऱ्याला संकोच आहे एवढंच त्यातून कळतं. मी नको म्हणालो, पुन्हा नको म्हणालो, तिसऱ्यांदा पट्टा उचलून त्यांच्याकडे धरला. अबू खालिदांचा चेहरा असा झाला, की जणू मी त्यांच्या आजोबांनाच परत पाठवतोय.

"घे," इक्बाल मराठीत पुटपुटला. "आता घे, मेल्या."

मी घेतला. नंतर मोठ्या परातीत मचबूस आला, भात आणि अख्खं कोकरू. अबू खालिद स्वतःच्या हाताने मऊ मांस तोडून माझ्यापुढे ठेवत होते. ते फार चविष्ट असावं. मला आठवत नाही. निघताना त्यांनी इक्बालला सर्वांदेखत विचारलं, घर कसं आहे, लेक कशी आहे. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो प्रश्न आला होता. इक्बाल म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला, सब ठीक," आणि चपला घालायला वळला.

गाडीत आणि घरी

"सांगितलं का नाहीस?" इक्बालने गाडी सिग्नलला थांबल्यावर विचारलं.

"सांगणार होतो."

"कधी? नमाज सुटल्यावर?"

"तू का नाही बोललास? लेकीचं तरी बोलायचंस. त्यांनी विचारलं होतं."

"त्या पट्ट्यावर बसून?" तो म्हणाला. "खालिद काय म्हणाला कळलं का तुला? त्याच्या मुलाचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. तो पट्टा बांधून पोरगा अर्दाला उभा राहणार होता. त्यांच्या घरात नवरामुलगा तोच पट्टा बांधतो."

घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तोडगा तयार होता. पट्टा परत करता येत नाही, बरोबर. पण लग्नाची भेट म्हणून नवरामुलाला देता येईल. कुणाचा मान जात नाही, वस्तू घरात परत जाते, आणि मासोळीबद्दल काही बोलावंही लागत नाही. मी तो मोठ्या हुशारीने मांडला. इक्बालचे डोळे क्षणभर लकाकलेही.

वहिनी टेबल पुसत होत्या. "म्हणजे त्यांचीच वस्तू त्यांनाच द्यायची आणि वर आपण दिलदार," त्या म्हणाल्या. "दरबारात असंच करायचे का हो, भाऊजी?"

असंच करायचे. मला तशी उदाहरणं पाठ होती.

"पट्टा द्या लग्नाला," त्या म्हणाल्या. "पण आधी खरं सांगून."

"आणि माझी नेमणूक?" इक्बाल म्हणाला.

वहिनी पुन्हा टेबल पुसायला लागल्या. सना दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी म्हणालो, "मी सांगतो. चूक माझी, मीच सांगणार." हे मी मनापासून म्हणालो होतो. ह्या हकिकतीत मी जे जे मनापासून केलं, त्यात हे एक.

पुन्हा मजलिस

परवानगी काढून आम्ही एका दुपारी, अस्रच्या नमाजानंतर गेलो. वाटेत मी हिंदी वाक्यं जुळवत होतो. दालनात अबू खालिद आणि खालिद, दोघेच होते. मासोळी पट्ट्याच्या खुंटीवर टांगली होती. एवढ्या रुंद पट्ट्यामागे भिंतीचा रंग फिकट राहिला होता, आणि त्या फिकट पट्टीवर ती फारच लहान दिसत होती.

मी घसा खाकरला. तेवढ्यात इक्बाल बोलायला लागला. अरबीत नाही, हिंदीत, मला कळावं म्हणून. मालकांना तो अर्बाब म्हणतो.

"अर्बाब, एक कसूर हो गया. मेरा कसूर. ये मच्छी नया है. इसका परदादा का मच्छी घर में है, उसको देख के ये बनवाया. उस्ताद सच बोलने वाला था. मैं बोला, मत बोलो. पुराना समझेगा तो अर्बाब ज़्यादा खुश होगा. मेहमान है, मेरा बात रख लिया."

खालिदने मान वर केली. अबू खालिदांनी इक्बालकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऐसा है?" त्यांनी मला विचारलं.

मी आजवर पुष्कळ परीक्षांत पुष्कळ मुलांना इतका सोपा प्रश्न घातला नसेल. 'नाही' म्हटलं की इक्बाल खोटा पडत होता, तेही मला वाचवायला गेला म्हणून. 'हो' म्हटलं की मी. मी दोन्ही म्हणालो नाही. गालिच्यावरच्या वेलबुट्टीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेला ते हो समजले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आधी जे वाटलं ते हायसं होतं. लाज मागून आली. पण आल्यापासून गेलेली नाही.

अबू खालिद उठले, मासोळी काढून परत घेऊन बसले, कळ दाबली.

"किसने बनाया?"

"हुपरी गाव है. वहां का कारीगर," मी म्हणालो. त्या दुपारी मी बोललेलं हे एकमेव पूर्ण खरं वाक्य.

"अच्छा हाथ है." त्यांनी खवल्यांवरून अंगठा फिरवला. "नया है तो नया बोलो ना. मेरा दादा को पट्टा दिया, उस दिन वो भी नया था."

इक्बालने पट्टा पुढे ठेवला. नवऱ्यामुलासाठी, इक्बालच्या घरातर्फे आणि माझ्यातर्फे, लग्नाची भेट. म्हाताऱ्याने त्यावर हात ठेवून आशीर्वादाचे शब्द म्हटले आणि पट्टा खालिदकडे दिला. खालिदने तो घेतला, उठून इक्बालचा खांदा दाबला. मला वाटलं, झालं. सगळं व्यवस्थित झालं.

कॉफी आली. कप हलवून झाल्यावर अबू खालिद अगदी मायेने म्हणाले, "इक्बाल, तू मेरा सब चीज़ खरीदता है, इतना साल. मैं कभी नहीं पूछा. अब मेरे को हर चीज़ पर पूछना पड़ेगा, ये नया है कि पुराना. मैं बुड्ढा आदमी. इतना पूछ नहीं सकता."

इक्बाल म्हणाला, "समझ गया, अर्बाब."

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "हे काय केलंस? मी सांगणार होतो ना."

"तू परवा विमानात बसशील."

"म्हणून काय?"

"तुला कळत नाही, मास्तर. त्यांनी आजोबांची वस्तू पाहुण्याला दिली. पाहुणा खोटा निघाला तर त्यांना चार माणसांत तोंड दाखवता येत नाही, ह्या वयात. नोकर खोटा निघाला तर त्यांचं काय जातं? नोकर काय, निघतातच." त्याने गाडी सुरू केली. "सीटबेल्ट लाव. इथे दंड होतो."

कोल्हापूर

मी परत आल्यावर काही दिवसांनी इक्बालचा फोन आला. नेमणूक पुढे चालू राहिली, सनाची बारावी होईपर्यंत. खरेदीवर नाही. शहराबाहेर इंडस्ट्रियल एरियात गोदाम आहे, तिथे आलेला माल मोजून घ्यायचा. खरेदीवर खालिदचा माणूस बसला. लग्नाचं बोलावणं आलं होतं. नवऱ्यामुलाने पट्टा बांधला होता, आणि अबू खालिदांनी सगळ्यांसमोर इक्बालला जवळ बसवून जेवू घातलं.

"मान ठेवला," इक्बाल म्हणाला. "खलास. मला दुसरं काय पाहिजे होतं?"

त्याला दुसरं काय पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं: जे आधीपासून त्याचं होतं, तेवढंच राहायला हवं होतं. तीसपस्तीस वर्षं नळापंपांची खरेदी करताना त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती. तो विश्वास मी पाहुणचाराच्या एका संध्याकाळीत संपवला, आणि तोही एका श्रोतृवर्गासाठी.

हा मजकूर लिहून झाल्यावर मी आधी त्याला पाठवला. त्याचं, वहिनींचं आणि सनाचं नाव बदलतो, म्हणालो. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग गोदामातून फोन आला. मागे कुणीतरी पेट्या आपटत होतं.

"वाचलं," तो म्हणाला. "रुकय्याने मोठ्याने वाचून दाखवलं. ससाण्याचं बरं लिहिलंयस. सना हसली."

"छापू ना?"

"छाप की. सगळं खरंच आहे." पेट्यांचा आवाज थांबेपर्यंत तो थांबला. "पण मास्तर, मराठीत कशाला लिहिलंस? अर्बाबना हिंदी येतं."